माणसाला लेग नसतो

आमच्या करियाकू बेटावरच्या इंग्रजीत माणसाला लेग नसतो. टेबलाला असतो, खुर्चीला असतो, नाताळात भाजलेल्या डुकराला असतो. माणसाला असतो तो फूट. कमरेचा सांधा आहे ना, तिथून सुरू होतो आणि अंगठ्याच्या नखाला संपतो. मांडी फुटाची, गुडघा फुटाचा, पोटरी फुटाची, टाचही फुटाचीच. शाळेत मिस फळ्यावर माणूस काढून पायाच्या वरच्या भागाला एक नाव आणि खालच्या भागाला दुसरं नाव लिहायची. आम्ही ते पाठ करायचो, आणि मधल्या सुट्टीत आपटलो की "मिस, फुटाला लागलं" म्हणून फुटलेला गुडघा दाखवायचो. तीही काही न बोलता गुडघ्यालाच औषध लावायची. त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते माझ्या नवऱ्याच्या बाबतीत.

कथबर्ट शिडाची गलबतं बांधतो. विंडवर्ड गावच्या किनाऱ्यावर, आमच्या घरासमोरच, समुद्रबदामाच्या झाडाखाली त्याचं काम चालतं. दिवसभर अनवाणी. लाकूड डाव्या तळव्याखाली दाबून धरायचं आणि दोन पायांच्या मधून लाकूड तासायची वाकस चालवायची, ही त्याची रीत. "अरे, चपला तरी घाल," असं मी लग्न झाल्यापासून ओरडतेय. तर म्हणायचा, "लाकूड तळव्याला कळतं गं बाई, रबराला नाही कळत." तळव्याला सगळं कळतं म्हणणाऱ्या या शहाण्याच्या तळव्यात गंजका खिळा घुसला आणि त्याला पत्ता नाही. साखरेच्या आजारानं त्याच्या पायातली जाणीव कधीच खाऊन टाकली होती. हे डॉक्टर नंतर म्हणाली, आम्हाला कुठं ठाऊक होतं!

मला कळलं ते चर्चमध्ये. रविवारी तेवढा तो बूट घालतो. प्रार्थना चालू होती आणि मला घाण वास यायला लागला. आधी वाटलं बाकाखाली उंदीर मेलाय. मी रुमाल नाकाला लावला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पुढच्या बाकावरची बाईही मागं वळून बघत होती. मग खाली वाकले आणि वास त्याच्या बुटातून येतोय हे समजलं. घरी आणून बूट काढला तर मोजा तळव्याला चिकटलेला. पाणी घालून सोडवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलेलं, आणि तळव्याला भोक.

"हे कधीचं?" मी विचारलं.

"काय कधीचं?" तो म्हणाला. वाकून बघितलं. मग म्हणाला, "चरबी गरम करून लाव. होईल बरं."

"चरबी तुझ्या मेंदूला लावते," मी म्हणाले. त्याच्या मित्राचा, सिल्व्हनचाही पाय असाच काळा पडला होता. ते आम्हा दोघांनाही आठवलं.

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीनं मोठ्या बेटावर गेलो. इस्पितळात जी डॉक्टर आली ती क्यूबाची. ओदालिस तिचं नाव. किडकिडीत, मोठा चष्मा, आणि इंग्रजी अशी की कपाटातून इस्त्री केलेली काढून आणलीय. एकेक शब्द सुटा. आमच्यासारखं तीन शब्दांचं एक गाठोडं करून फेकणं तिला जमायचंच नाही. बाई मात्र चांगली. आल्या आल्या खाली बसून त्याचा पाय मांडीवर घेतला. त्या वासानं मी तोंड फिरवत होते, तिनं नाकही मुरडलं नाही. लाली घोट्यापर्यंत आली होती. तिथं तिनं पेनानं रेघ मारली.

"क्षमा करा, श्री. कथबर्ट," ती म्हणाली. "आपला डावा फूट मृत होत आहे. तो काढावा लागेल."

कथबर्टच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. "बोटं ना? नुसती बोटं?"

"नाही. बोटं काढून भागणार नाही. पूर्ण फूट. उशीर केला तर विषार रक्तात जाईल, आणि आपण मराल."

"पूर्ण फूट?" मी विचारलं.

"होय. पूर्ण."

कथबर्टनं मान वळवून खिडकीकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही."

"आपल्याला समजलं का, की आपण..."

"समजलं. मरेन. मरू द्या. नाही म्हणजे नाही."

ती गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "मेल्या, तुला काय वाटतं, तू मरशील आणि मी किनाऱ्यावर तुझं अर्धं गलबत बघत बसेन? फासळ्या उघड्या पडल्यात त्याच्या!"

"दुसरा बघ कुणीतरी. दोन पायांचा."

"या वयात?"

"जॅक आयर्न रम पाज त्याला एक बाटली. वय दिसणार नाही." आणि हसला. मी हसले नाही. मग तोही थांबला, माझा हात ओढून घेतला आणि हळू बोलला. "एनिड, सिल्व्हनला मी बघितलाय. तूही बघितलायस."

सिल्व्हन त्याचा जोडीदार. दोघांनी मिळून किती गलबतं पाण्यात सोडली. साखरेपायी त्याचा फूट काढला तो पार वरून, मांडीच्या मुळाशी. त्यानंतर गॅलरीत खुर्चीवर बसवून ठेवायचे. मांडीच नाही तर तोल कशावर सांभाळणार माणूस? सारखा एका बाजूनं घसरायचा. एकदा बायको दुकानात गेली आणि हा खाली पडला, तापलेल्या सिमेंटवर. तासन्‌तास पडून होता. कथबर्टनं त्याला उचललं तेव्हा अंगाखालीच सगळं झालेलं. तो दुखतंय म्हणून नाही, त्या लाजेनं रडत होता. पुन्हा किनाऱ्यावर म्हणून आला नाही. गलबत पाण्यात सोडायचा दिवस, सगळं गाव दोर ओढतंय, पाद्री पाणी शिंपडतोय, बकरं कापलंय, आणि सिल्व्हन घरात भिंतीकडे तोंड करून. तसाच गेला तो.

"मला तसं नको," कथबर्ट म्हणाला. "तू मला बादलीवर बसवायचं, तू उचलायचं, तूच पुसायचं. त्यापेक्षा हे बरं."

"मी करेन की रे."

"ठाऊक आहे तू करशील. म्हणूनच नको."

मी बाहेर आले. सिस्टर औषधांची गाडी ढकलत चालली होती. तिला अडवलं. "सिस्टर, खरंच का हो अख्खा?"

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"फूट म्हणाल्या. पूर्ण."

"मग पूर्ण. माझ्या हातात काय आहे बाई? त्याला तयार करा लवकर," असं म्हणून ती गाडी घेऊन पुढं गेली. तीही आमच्याकडचीच. तिलाही फूट म्हणजे फूटच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हुडहुडी भरली. खाट वाजत होती. मी मासळीचं कालवण पाजलं, चमच्या-चमच्यानं. तेवढंच पोटात गेलं. पाय बघितला तर लाली पेनाची रेघ ओलांडून दोन बोटं वर आलेली. चोर दाराच्या आत आलाय आणि घरातला माणूस म्हणतोय की येऊ दे. मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडले, शिव्या दिल्या, देवाची शपथ घातली. तो फक्त केसांवरून हात फिरवत राहिला.

डॉक्टर आली. तिनं रेघ बघितली आणि खाटेजवळ उभी राहून जवळजवळ हात जोडले. "श्री. कथबर्ट, कृपा करा. आपण पुन्हा चालाल. आम्ही रबरी फूट बसवू, त्यावर बूट चढेल. आपण आपल्या लेगवर उभे राहाल."

कथबर्टनं तापलेले डोळे माझ्याकडे वळवले. "एनिड, ही बाई शुद्धीवर आहे का? फूट कापणार आणि लेगवर उभा करणार. कुणाच्या लेगवर? जेवणाच्या टेबलाच्या?"

माझंही डोकं फिरलं होतं. "डॉक्टरबाई, फूट काढल्यावर त्याला राहतं काय?"

"लेग."

"कुठला लेग?"

"डावा."

"अहो, डावा तर तुम्ही कापला!"

"नाही. डावा फूट कापला. डावा लेग आहे."

"कुठं आहे?"

"तिथेच आहे!"

"कुठं तिथं? हवेत?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खो खो हसायला लागला. डॉक्टर मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम कथबर्टकडे वळून म्हणाली, "आपला फूट मला दाखवा. हाताने दाखवा."

"आता हे काय?"

"दाखवा."

त्यानं कमरेवर हात ठेवला आणि मांडीवरून, गुडघ्यावरून जिथवर पोचला तिथवर खाली नेला. "हा. डोळे आहेत ना तुम्हाला?"

बाई खाटेच्या कडेवर बसलीच. तोंडातून तिच्या भाषेत देवाचं नाव निघालं. "हे सगळं?" ती म्हणाली. "हे सगळं तुमच्याकडे फूट?"

"मग काय म्हणायचं त्याला?"

तिनं ट्रेमधून पट्टीचा तुकडा उचलला आणि घोट्याच्या जरा वर, नडगीला गुंडाळला. "मी फूट म्हणत होते तो हा. इथून खालचा. हा वरचा सगळा लेग. पोटरी आपली, गुडघा आपला, मांडी आपली. मी फक्त एवढंच काढणार आहे."

कथबर्ट त्या पट्टीकडे बघत होता. मग त्यानं हात पुढं करून स्वतःचा गुडघा चाचपला, कुणाचा तरी हरवलेला नि सापडलेला असावा तसा.

"एवढंच?" तो म्हणाला. "एवढ्यासाठी मी मरायला निघालो होतो?" आणि हा एवढा धिप्पाड माणूस ढसाढसा रडायला लागला. रडता रडता हसायला लागला. "अहो, हे कालच सांगायचं ना! काढा! आत्ता काढा! रबरी नको मला, मी स्वतः तासतो. पांढऱ्या सीडरचा फूट करतो, गलबताला लावतो तेच लाकूड. एनिड, गुडघ्यावर बसून गलबताच्या फटींत काथ्या ठोकता येईल की मला!"

"आधी जगून दाखव," मी म्हणाले. पण माझेही गाल ओले झाले होते. मी त्या बाईचे हात धरून त्यांचे मुके घेतले.

ती ओशाळी झाली होती. "माझी चूक. आमच्या स्पॅनिशमध्ये यांना दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीच्या पुस्तकातही दोन आहेत. मला वाटलं, सगळीकडे दोनच." मग मान हलवत स्वतःशीच घोकायला लागली. "फूट, इथून इथपर्यंत सगळा. हो. आता मला तुमचं कळलं. पुन्हा चुकणार नाही."

कालवण पोटात होतं म्हणून लगेच गुंगी देता येईना. दुपार टळू दे, म्हणाली. कथबर्ट पडल्या पडल्या त्या लाकडी फुटाचा हिशेब करत होता, पट्टा कुठं लावायचा, टाच कशी ठेवायची. मी देवाचे आभार मानत होते. तेवढाच वेळ आम्ही दोघं बिनघोर होतो.

दुपारी त्याचं बोलणं तुटक व्हायला लागलं. मध्येच सिल्व्हनला हाक मारायचा, पुन्हा भानावर यायचा. मी हाताला हात लावला तर चटका बसला. डॉक्टर आली, चादर वर केली आणि तिचा चेहरा बदलला. मी बघितलं. आता रेघ वगैरे काही नव्हतं. लाली गुडघा ओलांडून वर गेली होती. पोटरी जांभळी, वर फोड आलेले. तिनं बोटानं दाबलं तर कातडीखाली चुरचुर आवाज झाला. तिनं चादर पुन्हा घातली, मला खूण केली आणि बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेली.

"सकाळी आपण जे ठरवलं ते आता पुरणार नाही," ती म्हणाली. शब्द शोधत होती. मग तिनं हाताची कड स्वतःच्या मांडीवर ठेवली, अगदी वर. "आता फूट. तुमच्या बेटावरचा फूट."

मी कठडा धरला. सिल्व्हनचा कापला होता ना, तिथंच तिचा हात होता.

"आणि नाही काढला तर?"

"तर उद्याची सकाळ त्यांना दिसणार नाही."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर मी हात लावू शकत नाही. ते शुद्धीवर आहेत. त्यांना सांगून, त्यांचा होकार घेऊनच." तिनं चष्मा काढून डोळे पुसले. "चला. मी त्यांच्याच शब्दात सांगते."

मला माझा नवरा माहीत आहे. मांडी हा शब्द ऐकला की तो भिंतीकडे तोंड करणार, हे मला तिथंच दिसत होतं. मग कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. त्या चार पावलांत मी काहीही ठरवलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. भीती इतकी होती की ठरवायला डोकंच जागेवर नव्हतं.

डॉक्टर त्याच्यावर वाकली. "श्री. कथबर्ट, आजार वाढला आहे. तो आता वर गेला आहे. म्हणून आम्हाला आपला फूट काढावा लागेल." तिनं त्या शब्दावर जोर दिला, आमच्यासारखा तोंड भरून उच्चारला. "फूट. समजलं?"

कथबर्टनं डोळे उघडले आणि तिला खूश करायला हसला. बिचारी सकाळी किती ओशाळली होती! तिच्या भाषेचा मान ठेवायला हवा, असं त्याला वाटलं असणार. "समजलं डॉक्टर. फूट. आता मला बरोब्बर कळतं, फूट म्हणजे काय ते."

"आपला होकार आहे?"

"सकाळपासून आहे. काढा, एकदाचं काढा."

ती त्याची भाषा बोलत होती आणि तो तिची. एकच शब्द, दोघांच्या तोंडात दोन पाय. आणि दोघांचंही समाधान झालेलं. खोलीत दोन्ही अर्थ ठाऊक असलेली मी एकटीच.

डॉक्टर सरळ झाली. बाई हुशार, तिला कुठंतरी टोचलं असावं. एवढी मोठी गोष्ट आणि माणूस हसतोय कसा? तिनं माझ्याकडे बघितलं. "एनिड, यांना नीट समजलं ना?"

गुडघ्याच्या वरून, एवढंच मला बोलायचं होतं. किंवा नुसती नकाराची मान. तो माझ्याकडे बघत होता, डोळ्यांत ताप आणि त्यात तो मूर्ख आनंद. त्याला सिल्व्हन व्हायचं नव्हतं. मला त्याला शवपेटीत बघायचं नव्हतं. विश्वास कुणावर होता त्याचा? माझ्यावर.

"समजलं," मी म्हणाले.

कुणाला काय म्हणायचं ते म्हणा. माझ्या जागी उभं राहून म्हणा.

त्याची खाट ढकलत नेत होते तेव्हा मी बाजूनं चालत होते. त्यानं माझं बोट धरलं होतं. "एनिड, डॉक्टरचे डोळे लाल का गं?"

"दमलीय ती."

"फूटच ना?"

"हो रे," मी म्हणाले. "फूटच."

आमच्या बोलीत ते खरं होतं. शंभर टक्के खरं. त्याला मात्र तिची बोली शिकायला अवघी सकाळ पुरली होती.

"येताना सीडरचा तुकडा आणायला सांग कुणालातरी," तो म्हणाला, आणि दार बंद झालं.

मी बाकावर बसले. समोर कुणीतरी मुलाला ब्रेडफ्रूट भरवत होतं, रेडिओवर क्रिकेट चाललं होतं. तो मरेल ही भीती होतीच. पण खरं सांगू? तो जगेल आणि चादर उचलेल, ही भीती त्याहून मोठी होती. एका भीतीसाठी प्रार्थना करावी तर दुसरी छातीवर येऊन बसायची. शेवटी मी देवाकडे काही मागितलंच नाही. नुसतं त्याचं नाव घेत राहिले.

सूर्य समुद्राकडे कलला तेव्हा डॉक्टर बाहेर आली. टोपी हातात, कपाळावर केस चिकटलेले. "वाचले," ती म्हणाली. "सगळं विष निघालं. मनाचे घट्ट आहेत. इतक्या शांतपणे होकार देणारा माणूस मी पाहिला नाही." तिनं माझा खांदा दाबला. मला तिच्याकडे बघवलं नाही.

आत गेले. कथबर्ट डोळे मिटून पडला होता. चादर छातीपर्यंत ओढलेली. उजवीकडे पायाचा उंचवटा खाटेच्या टोकापर्यंत गेलेला. डावीकडे चादर वरच संपली होती, पुढं नुसती गादी, सपाट. मी स्टूल ओढून त्या सपाट बाजूला बसले, म्हणजे तो वळला तर आधी मी दिसेन.

बऱ्याच वेळानं त्याच्या पापण्या हलल्या. "आहेस?"

"आहे."

"झालं?"

"झालं."

त्यानं मोठा श्वास सोडला. ताप उतरला होता. कपाळ गार लागत होतं. गुंगीत ओठ जड, पण हसला. "बघ, उगाच भीत होतो. आहे ना सगळं? कळतंय मला. पार खालपर्यंत कळतंय." मग भुवया आक्रसल्या. "एनिड, जरा गुडघा खाजव गं. डावा. मघापासून नुसता जीव घेतोय."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. डोळे मिटलेलेच होते. मी चादरीखाली हात घातला, गादीवर ठेवला आणि नखांनी हळूहळू खाजवायला लागले.

"थोडं वर," तो म्हणाला. मी हात वर घेतला.

"हां," तो म्हणाला. "तिथंच."